मुलांची सहल: फिलाडेल्फिया की वॉशिंग्टन?

न्यू जर्सीतल्या एका मराठी शाळेच्या ताईंनी विचारलं, मुलांना ऐतिहासिक स्थळं दाखवायला कुठे न्यावं?

खर्चात फरक पडतो तो मुक्कामाचा. फिलाडेल्फिया सकाळी निघून रात्री परतण्याजोगं आहे. वॉशिंग्टनला धावतपळत जाण्यात अर्थ नाही. किमान एक रात्र धराच. प्रवेशशुल्काची चिंता फारशी नाही: फिलाडेल्फियातली लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा आणि स्मिथसोनियनची वॉशिंग्टनमधली संग्रहालयं मोफत आहेत. फिलाडेल्फियातल्याच इंडिपेन्डन्स हॉलची वेळ मात्र आधी राखून ठेवा.

पायपीट वॉशिंग्टनमध्ये जास्त. कॅपिटॉलपासून (संसद भवनापासून) लिंकन स्मारक तीनेक किलोमीटर, आणि उन्हाळ्यात वाटेत सावली कमी. लहान मुलं रडकुंडीला येतात. फिलाडेल्फियात घंटा आणि हॉल समोरासमोर.

पण पाहायला काय मिळतं, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. इंडिपेन्डन्स हॉलमध्ये 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, 1787 मध्ये राज्यघटनाही तिथेच घडली. त्या घटना-सभेत अध्यक्षस्थानी बसलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांची खुर्ची अजून तिथे आहे, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला. मुलांना तो आवर्जून दाखवा. जाहीरनामा आणि राज्यघटना यांचे मूळ दस्तऐवज मात्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर 1963 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग जिथे बोलले, ती जागाही कोरून ठेवली आहे.

पाचवी-सहावीपर्यंतची मुलं, मोजके पालक, एकच दिवस असेल तर फिलाडेल्फिया. आठवीच्या पुढची, नागरिकशास्त्र शिकलेली मुलं असतील आणि मुक्काम परवडत असेल तर वॉशिंग्टन.