नेरुळ स्टेशनजवळचं जर्सी प्रिंटिंगचं दुकान – काम चांगलं, वेळेचं मात्र बघा

चेल्सी या इंग्लिश फुटबॉल क्लबची निळी जर्सी, मागे फ्रेंच स्ट्रायकर अनेल्काचं नाव आणि त्याचा ३९ नंबर, एवढंच हवं होतं. पण काउंटरवरचे काका नाव ऐकून जे सुटले, तो कुठकुठल्या क्लबकडून खेळला ते, पीएसजी, आर्सेनल, रियल माद्रिद, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, फेनरबाचे, बोल्टन, मग चेल्सी, शांघाय, युव्हेंटस आणि २०१४ ला आपल्या मुंबई सिटीकडून इथेच डी वाय पाटीलला, सगळं तोंडपाठ! कुठे टिकला नाही म्हणून लोक नावं ठेवतात त्याला, अरे पण २००८-०९ ला १९ गोल मारून प्रीमियर लीगचा सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेतला त्याचं काय?

असो. हीट प्रेसचं काम एकदम साफ, अक्षरं एका रेषेत, कापडावर कुठे पिवळा डाग नाही. वॉशिंग मशीनला लावल्यावर ९ च्या आतल्या गोलाची कड जराशी उचलली, म्हणून आता उलटी करून हातानेच धुतो. रेट ठीक, पण "उद्या या" म्हणजे उद्या नाही हे धरून चाला, फोन करूनच जा. आणि संध्याकाळी तर नकोच, टर्फवाली पोरं टीमचे अख्खे सेट घेऊन उभी असतात.