पंचवीस संध्याकाळ पुरलेली पहिली मेणबत्ती

२०२५ च्या आगमनकाळासाठी, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या सुमारे चार आठवड्यांसाठी, मी वसईतील एका घरगुती कारागिराकडून रीदचा, म्हणजे पानांनी सजवलेल्या मेणबत्त्यांच्या कड्याचा, संच विकत घेतला. ६५० रुपयांत लाकडी कडे, त्यात बसवलेल्या पत्र्याच्या चार वाट्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा २५ सेंटिमीटर उंचीच्या चार मेणबत्त्या, प्लॅस्टिकची हिरवी पाने आणि एक मराठी पत्रक एवढे साहित्य मिळाले.

अशा संचाची खरी परीक्षा पहिल्या मेणबत्तीची असते. ती आशेची मेणबत्ती. नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी, म्हणजे ३० नोव्हेंबरला, आम्ही ती पेटवली आणि तेव्हापासून २४ डिसेंबरपर्यंत रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत वीस मिनिटे तेवत ठेवली. पुढच्या प्रत्येक रविवारी आणखी एक मेणबत्ती पेटवत गेलो, म्हणून दुसरीच्या वाट्याला १८ संध्याकाळी आल्या, तिसरीच्या ११ आणि चौथीच्या केवळ चार. यापूर्वी बाजारातून आणलेल्या स्वस्त मेणबत्त्यांमध्ये पहिली तिसऱ्या आठवड्यातच संपायची आणि तिच्या जागी नवी लावताना मन खट्टू व्हायचे. जिने सर्वांत आधी अंधाराला तोंड दिले, तीच नाताळाच्या पूर्वसंध्येला नसावी हे बरे वाटत नसे. या संचातील पहिली मेणबत्ती शेवटच्या दिवशी अडीच सेंटिमीटर शिल्लक होती. वात सरळ जळते, धूर नाही, मेण फारसे ओघळत नाही.

माझ्या आईला आता अंधुक दिसते. रोज सकाळी, मेणबत्त्या थंड असताना, ती त्यांच्या टोकांवरून हलकेच बोटे फिरवायची आणि जिन्यासारखी चढत गेलेली उंची चाचपून किती दिवस उरले ते सांगायची. माझा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला आहे आणि त्याची रजा २३ डिसेंबरपासून मंजूर झाली होती, त्यामुळे तिच्या त्या मोजणीत दोन आगमनांची वाट होती. त्याच कारागिराकडे बॅटरीवर चालणारा संचही मिळतो, पण मी तो घेण्याचा सल्ला देणार नाही. त्यातील दिवे झिजत नाहीत, आणि सरलेले दिवस डोळ्यांना किंवा बोटांना कळावेत यासाठीच तर ही रीत आहे. जर्मनीतील हॅम्बुर्गमधील निराधार मुलांच्या आश्रमात योहान हिन्‍रिख विखर्न या धर्मोपदेशकाने १८३९ मध्ये लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, त्यादेखील मुलांना नाताळापर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून.

दोन गोष्टी मात्र सुधारायलाच हव्यात. पत्रकात गुलाबी मेणबत्ती चौथ्या रविवारी, प्रेमासाठी, असे छापले आहे. ती तिसऱ्या रविवारची, आनंदाची आहे. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ या बायबलमधील संत पौलाच्या वचनाशी तो रविवार जोडलेला आहे, आणि प्रायश्चित्ताच्या जांभळ्या रंगात तेवढा एकच दिवस गुलाबी का, हे मुलांना समजावताना ही चूक फार अडचणीची ठरते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पहिली मेणबत्ती खाली येते तशी तिची ज्योत प्लॅस्टिकच्या पानांना जवळजवळ टेकते. मी ती पाने पहिल्याच आठवड्यात काढून टाकली आणि सुरूच्या ताज्या डहाळ्या वाट्यांपासून दूर, कड्याच्या बाहेरच्या अंगाने बांधल्या. सुरू वाळला की लवकर पेट घेतो, म्हणून दर रविवारी त्या बदलल्या. कारागिराला मी हे दोन्ही दोष सांगितले असून नवे पत्रक छापण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

लाकडी कडे कित्येक वर्षे टिकेल असे आहे आणि मेणबत्त्या सुट्याही मिळतात. २०२६ मध्ये आगमनकाळ २९ नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणजे पहिल्या मेणबत्तीला २६ संध्याकाळी जळायचे आहे. उरलेले अडीच सेंटिमीटर पाहता ती पुरेल, आणि आईने मागणी आत्ताच नोंदवायला सांगितली आहे.