मालकाला मत की ओ'कॉनेलला?

१८२८ साल, आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यात संसदेची निवडणूक. मत उघड, सगळ्यांदेखत तोंडानं सांगायचं. चाळीस शिलिंगांच्या जमिनीमुळे मतदार झालेल्या कुळापुढे वाटा दोनच.

जमीनदाराच्या माणसाला मत दिलं तर छप्पर शाबूत. पण पाद्री आणि शेजारीपाजारी तोंड फिरवणार.

कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओ'कॉनेल याला दिलं तर मान ताठ. मात्र थकलेल्या खंडाची आठवण मालकाला नेमकी तेव्हाच व्हायची, आणि मग घर खाली करा! तरीही क्लेअरनं ओ'कॉनेललाच निवडलं. १८२९ मध्ये तोवर बंद असलेली संसद कॅथलिकांना खुली झाली, पण त्याच वर्षी मतदाराच्या जमिनीची अट चाळीस शिलिंगांवरून (म्हणजे दोन पौंडांवरून) दहा पौंडांवर नेऊन याच कुळांचं मत काढून घेतलं. मला तरी हा सौदा कडूच वाटतो.

गुप्त मतदान आलं थेट १८७२ मध्ये.