जमाखर्चाची फाइल परत मिळवून देणारा फोन

2011 पासून मी घरचा जमाखर्च ग्नूकॅश या हिशेबाच्या संगणक प्रोग्राममध्ये लिहितो. त्याआधी लाल बांधणीच्या वह्या होत्या. नोकरी पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत झाली, त्यामुळे नावेची आणि जमेची बाजू जुळल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही. दूधवाल्याचे पैसे, मुलीच्या लग्नाचा खर्च, बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, तीन मुदत ठेवी, म्युच्युअल फंडाचे फोलिओ, असा चौदा वर्षांचा संसार त्या एका फाइलीत आहे. ती परत मिळवण्याच्या धडपडीत माझे ₹2,04,899 गेले. माझ्यासारखे बरेच जण सध्या संगणक बदलत आहेत, म्हणून जे झालं ते सगळं लिहितो.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मोफत सुरक्षा अद्ययावतं बंद झाली. माझा जुना संगणक विंडोज 11 घेण्याच्या लायकीचा नव्हता. पाडव्याच्या मुहूर्तावर नवा लॅपटॉप घेतला आणि जुना संगणक एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. दुकानदाराने माझ्यासमोर सगळ्या फाइली नव्या लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर उतरवल्या. 25 तारखेला, म्हणजे चौथ्या शनिवारी, सकाळी ग्नूकॅश नव्याने टाकलं आणि उघडलं. समोर माझी खाती नव्हती. नवीन खाती तयार करायची का, असं विचारणारी खिडकी होती. मी पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. तेच.

खरं कारण फार साधं होतं, पण ते मला दोन दिवसांनी कळलं. ग्नूकॅश हा प्रोग्राम वेगळा आणि तुमची जमाखर्चाची फाइल वेगळी. शेवटची फाइल कुठे होती ही आठवण जुन्या संगणकाच्या सेटिंगमध्ये राहिली, त्यामुळे नव्या संगणकावर प्रोग्राम कोरा उघडतो. फाइल मेनूत जाऊन ‘ओपन’ म्हणायचं आणि आपली फाइल दाखवायची, एवढंच काम असतं.

तेव्हा मात्र माझे हातपाय गार पडले. जुना संगणक तर गेलेला. मी इंटरनेटवर ‘ग्नूकॅश डेटा रिकव्हरी हेल्पलाइन’ असं शोधलं. सगळ्यात वर एक नंबर होता. त्याच्या बाजूला ‘जाहिरात’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ते मी नंतर पाहिलं. ग्नूकॅश हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि स्वयंसेवक ते चालवतात. प्रश्न लिहून पाठवला तर तेच लोक उत्तर देतात. फोन उचलणारी त्यांची कचेरी नाही. त्यामुळे ग्नूकॅशची हेल्पलाइन म्हणून दिसणारा कुठलाही नंबर त्यांचा असूच शकत नाही. ही एक गोष्ट मला माहीत असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

फोनवरचा मुलगा शुद्ध मराठीत बोलला. “काका, घाबरू नका, रोज चार-पाच केसेस येतात अशा.” त्या ‘काका’ने मी निम्मा निवळलो. त्याने एक अ‍ॅप टाकायला सांगितलं, त्यावर आलेला आकडा विचारला आणि माझा लॅपटॉप त्याच्या ताब्यात गेला. अशी अ‍ॅप टाकायला लावून नऊ आकडी कोड मागतात आणि खाती रिकामी करतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच दिला होता. पेपरात तो मी वाचलाही होता. पण तो बँकेचं नाव सांगून येणाऱ्या फोनबद्दलचा म्हणून डोक्यात बसला होता. इथे तर फोन मीच केला होता.

त्याने डी ड्राइव्हवरचा माझा फोल्डर उघडला. आत माझ्या फाइलीच्या नावापुढे लांबलचक आकडे लागलेल्या पुष्कळ फाइली होत्या. “बघा काका, व्हायरसने फाइलचे तुकडे केलेत. हे जोडावे लागतील.” मी तो फोल्डर आधी कधी उघडून पाहिला नव्हता, त्यामुळे पटलं. ते आकडे म्हणजे तारीख आणि वेळ होती. ग्नूकॅश दर वेळी सेव्ह करताना आधीची प्रत तशीच बाजूला ठेवतं आणि साधारण महिनाभर जपतं. म्हणजे माझ्या सुरक्षित प्रतींकडेच बोट दाखवून त्याने फाइल मोडली म्हणून सांगितलं. हे मला सगळ्यात जास्त लागलं आहे. माझी मूळ फाइल त्या यादीत पहिल्या ओळीत होती आणि ती त्याला दिसत होती.

₹4,999 आणि वर जीएसटी, असे ₹5,899 मी क्यूआर कोडवर भरले. “फाइल आमच्या सर्व्हरवर नेऊन जोडतो, सोमवारपर्यंत मिळेल,” म्हणाला. आणि माझ्या डोळ्यांदेखत फाइल घेऊन गेला.

पैशांपेक्षा ही चोरी मोठी होती. ग्नूकॅशच्या फाइलीला पासवर्ड नसतो, ज्याच्या हाती ती पडली त्याला सगळं वाचता येतं. मी व्यवस्थितपणाच्या सवयीने प्रत्येक खात्याच्या टिपणात सगळं लिहून ठेवलं होतं: ठेवीचा पावती क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, नॉमिनीचं नाव, बँकेचा कस्टमर आयडी, लॉकरचा क्रमांक.

सोमवारी 27 तारखेला सकाळी अकराच्या सुमारास दुसरा फोन आला. हा बँकेतून बोलत असल्याचं सांगत होता. त्याने माझं नाव, ठेवीची रक्कम रुपयापर्यंत, मुदतीची तारीख आणि बायकोचं नाव नॉमिनी म्हणून सांगितलं. एवढं सगळं बँकेशिवाय कोणाला माहीत असणार? केवायसी अपूर्ण असल्याने ठेव गोठणार, आजच ऑनलाइन दुरुस्त करा, असं तो म्हणाला. मी लॅपटॉपवर नेट बँकिंग उघडलं. शनिवारचं अ‍ॅप तसंच चालू होतं, याचं मला भानच नव्हतं. पडदा काळा झाला. “सर्व्हर अपडेट होतोय, आलेला नंबर सांगा.” मी एकामागून एक तीन ओटीपी सांगितले. पहिले दोन मेसेज न वाचताच सांगितले. तिसरा सांगून झाल्यावर वाचला, त्यात ‘मुदत ठेव बंद’ असे शब्द होते. ठेव मोडून आलेल्या पैशांतले ₹1,00,000 आणि ₹99,000 तोपर्यंत दुसऱ्या खात्यांत गेले होते.

बायकोने भाचीला फोन लावला. तिने मला आधी ओरडून सांगितलं, “मामा, वायफाय बंद करा, लॅपटॉपला हात लावू नका, 1930 ला फोन करा.” 1930 हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. व्यवहारांचे क्रमांक हाताशी होते म्हणून तक्रार दहा मिनिटांत नोंदली गेली. साडेबारा वाजायच्या आत ज्या खात्यात पैसे गेले होते त्यातले ₹62,400 रोखले गेले. उरलेले त्याआधीच काढले गेले होते. मी लाजेने तासभर गप्प बसलो असतो तर ते रोखलेलेही गेले असते.

बँकेने नंतर लेखी कळवलं की ओटीपी ग्राहकाने स्वतः सांगितल्याने नुकसानीची जबाबदारी बँकेची नाही. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या चुकीमुळे झालेला तोटा बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचा असतो, कळवल्यानंतर होणारा बँकेचा. म्हणून 1930 च्या पाठोपाठ बँकेलाही त्याच वेळी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. माझ्या उरलेल्या दोन ठेवी त्यामुळेच राहिल्या. कस्टमर आयडी आणि ठेवींचे तपशील चोरांच्या हाती गेलेले असल्याने पुढच्याच आठवड्यात पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले आणि नेट बँकिंगमधून ठेव मोडण्याची सोय शाखेत अर्ज देऊन बंद करून घेतली. सायबर पोलीस ठाण्यात त्या फाइलीत काय काय होतं त्याची यादीही जबाबात लिहून दिली.

संध्याकाळी भाची घरी आली. अ‍ॅप काढलं, लॅपटॉप तपासला. मग ग्नूकॅश उघडलं, फाइल, ओपन, डी ड्राइव्ह. दोन मिनिटं लागली नाहीत. चौदा वर्षं जशीच्या तशी समोर आली, 19 ऑक्टोबरच्या रात्री लिहिलेल्या उटण्याच्या आणि पणत्यांच्या खर्चासकट. बायको पाहत उभी होती. तिला रडू आलं, मलाही आवरलं नाही.

संगणक बदलणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: जुनं यंत्र घरातून जाऊ देण्याआधी नव्या यंत्रावर फाइल उघडून शेवटची नोंद डोळ्यांनी पाहा. फाइल कुठे आहे ते घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा. खात्यांचे क्रमांक, कस्टमर आयडी वगैरे टिपणांत लिहू नका, खात्याला नुसतं नाव पुरे. मी ते सगळं पुसून कागदावर उतरवलं आणि कपाटात ठेवलं. फाइलीची प्रत आता पेन ड्राइव्हवर, पासवर्ड लावलेल्या झिप फोल्डरमध्ये असते.

दुहेरी नोंदीत गेलेला पैसाही कुठेतरी लिहावाच लागतो. खर्चाखाली ‘फसवणूक’ असं नवं खातं काढून ₹1,42,499 तिथे टाकले. रोखलेले ₹62,400 न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहत आहेत. ते ‘येणे’ खात्यात आहेत.