ऑटोकॅड एलटीत लेयरचा क्रम सांभाळणं: दिवाळीपासून रोज वापरून आलेला अनुभव

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण निम्मी लोकं तिथंच अडकतात. कॅडमध्ये, म्हणजे ऑटोकॅडसारख्या ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लेयरच्या (वस्तूंच्या नाव दिलेल्या गटांच्या) यादीत जो लेयर वर दिसतो तो ड्रॉइंगमध्ये वर असेलच असं काही नाही. फोटोशॉप नाहीतर कोरल करून आलेल्या पोरांना हे पटतच नाही, ती लेयर माऊसनं ओढत बसतात आणि लेयर काय जागचा हलत नाही. ती यादी नावाप्रमाणं लागते, बस. वर कोण आणि खाली कोण हे प्रत्येक लाईनचं, हॅचचं (एखाद्या भागात भरलेल्या रेघोट्या नाहीतर रंग), टेक्स्टचं आपापलं असतं, आणि तुम्ही काहीच केलं नाही तर जे शेवटी काढलं ते सगळ्यात वर.

आमचं ऑफिस कोल्हापुरात राजारामपुरीत, काम म्हणजे बांधकाम परवानगीची ड्रॉइंग, लेआऊट आणि थोडंफार स्ट्रक्चर. ऑफिसात एलटी 2024, घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिब्रेकॅड हे दुसरं कॅड. खाली जे लिहितोय ते फक्त लेयर आणि ड्रॉ ऑर्डर, म्हणजे कोण वर कोण खाली, ह्याबद्दल, बाकी सॉफ्टवेअर कसं आहे ते सगळ्यांना माहीत आहेच.

परवानगीच्या शीटवर रंगाला अर्थ असतो. प्लॉटची हद्द जाड काळी, प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळं हॅच. त्यात आपल्याकडं पंचगंगा, म्हणजे पूररेषा आलीच. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर क्लायंट खुर्चीत बसायच्या आधीच विचारतो, साहेब रेषा आमच्या प्लॉटातनं जातीय काय. आता एकाच शीटवर पूररेषाही लाल आणि प्रस्तावित कामही लाल, म्हणून पूररेषेला आम्ही वेगळा लाईनटाईप (रेषेची तऱ्हा, तुटक वगैरे) ठेवलाय, पण ती रेषा हॅचच्या खाली दबली तर लाईनटाईप घेऊन करायचं काय?

सुरुवातीला सगळे करतात तेच आम्हीही करायचो, सिलेक्ट करायचं, ड्रॉऑर्डर मारायची, फ्रंट नाहीतर बॅक. एका खोलीच्या प्लॅनला चालतं. स्कॅन केलेला गाव नकाशा इमेज म्हणून जोडला की तो येऊन सगळ्यावर बसतो, त्याला एकदा बॅकला ढकलला की संपलं. हॅचसाठी हॅचटूबॅक आहे, टेक्स्ट आणि डायमेन्शनसाठी टेक्स्टटूफ्रंट आहे, ह्या दोन कमांड लई कामाच्या, फाईल उघडली की डोळे झाकून मारा. नवीन हॅच कुठं बसावं ते एचपीड्रॉऑर्डर नावाचं सेटिंग ठरवतं, त्याची मूळ किंमत 3, म्हणजे हॅच स्वतःच्या बाउंड्रीच्या मागं. आता ह्यात गोम अशी की ते फक्त बाउंड्रीच्या मागं जातं, आधी काढलेली पूररेषा त्याच्या खालीच राहू शकते. आम्ही ते 1 करून ठेवलंय, हॅच सरळ सगळ्यात मागं.

खरा फरक पडला तो लिस्पनं, म्हणजे ऑटोकॅडच्या आत छोटे प्रोग्रॅम लिहायच्या भाषेनं. एलटीमध्ये पूर्वी ऑटोलिस्प नव्हतं, 2024 पासून आलं, आणि माझ्या मते अपग्रेडचे पैसे तिथंच वसूल झाले. आधी लेयरच्या नावाआधी आकडे लावले, 10 इमेज, 20 हॅच, 30 सर्व्हेच्या लाईनी, 40 भिंती, 60 पूररेषा, 80 डायमेन्शन, 90 टेक्स्ट, मधे जागा सोडून, म्हणजे उद्या एखादा लेयर घुसवायचा झाला तर नावं बदलत बसायला नको. यादी नावानंच लागत असल्यामुळं आता पॅनलमध्ये जो क्रम दिसतो तोच ड्रॉइंगमध्ये हवा असलेला क्रम. मग छोटी लिस्प, ती 10 पासून सुरू करते, त्या लेयरवरचं सगळं उचलून फ्रंटला, मग 20 चं फ्रंटला, असं 90 पर्यंत. शेवटी जो फ्रंटला गेला तो सगळ्यात वर, त्यामुळं तळापासूनच सुरुवात करायची, उलटं केलं तर उलटाच ढीग लागणार. लिस्पमधनं वस्तू शोधायच्या फिल्टरमध्ये लेयरच्या नावाचा कोड 8 असतो. त्याच्याबरोबर 410 (वस्तू कुठल्या स्पेसमधली त्याचा कोड) घालून फक्त मॉडेल, म्हणजे मूळ ड्रॉइंगची स्पेस, घ्यायचं, कारण नुसतं एक्स (अख्खी फाईल शोधायचा पर्याय) लावून शोधलं की लेआऊट टॅबमधल्या, म्हणजे प्रिंटच्या शीटवरच्या, वस्तूपण उचलल्या जातात आणि ड्रॉऑर्डर चालू स्पेसपुरतीच काम करते. एवढं जमलं की नाद खुळा, प्रिंटच्या आधी एक कमांड आणि चहा पिऊन या. मोठ्या लेआऊटला खरंच चहाएवढा वेळ लागतो, ते सोडा.

बाहेरून आलेल्या सर्व्हेच्या फाईलींचं दुखणं वेगळंच. ढीगभर लेयर, नावांना ना शेंडा ना बुडखा. लेयर हजारावर गेले तर यादी सॉर्टच होत नाही, मॅक्ससॉर्ट मूळचं 1000 असतं, ते वाढवा. आणि असली फाईल आपल्यात पेस्ट करू नका, एक्सरेफ (बाहेर ठेवून नुसती जोडलेली फाईल) म्हणून जोडा, अख्खी एकदम बॅकला पाठवता येते.

प्रिंटच्या बाबतीत एक. पूरक्षेत्रावर आम्ही सॉलिड हॅच टाकतो आणि ट्रान्सपरन्सी 60-70 देतो, स्क्रीनवर खालच्या नकाशातले प्लॉट नंबर झकास दिसतात. प्लॉटच्या, म्हणजे प्रिंटच्या, डायलॉगमध्ये प्लॉट ट्रान्सपरन्सीची टिक मुळात बंद असते, मग कागदावर निळा ठोकळा येतो आणि नंबर गायब. टिक लावली की शीट रास्टर होऊन, म्हणजे फोटोसारखं ठिपक्यांचं होऊन निघतं, पीडीएफ जड होते, लाईनी जरा मऊ पडतात. म्हणून हल्ली आम्ही सॉलिड सोडून विरळ तिरक्या लाईनींचं हॅच वापरतो, तक्रार नाही. प्लॉटरच्या सेटिंगमध्ये लाईन्स मर्ज असेल तर एकमेकांवरचे रंग मिसळतात आणि तुमचा सगळा क्रम पाण्यात, बाहेर प्रिंटला देताना प्लॉटिंगवाल्याला ओव्हरराईट ठेवायला सांगा.

लिब्रेकॅड फुकट आहे आणि क्रम बदलायची टूल्स त्यातपण आहेत, सगळ्यात वर, सगळ्यात खाली, अमक्याच्या वर, तमक्याच्या खाली. लेयरच्या यादीत डोळा, कुलूप आणि प्रिंटरचं चिन्ह शेजारी शेजारी, ते मला एलटीपेक्षा आवडतं. घरी किरकोळ दुरुस्तीला ठीक, परवानगीचं अख्खं शीट मी त्यात करणार नाही.

एलटीच्या ह्या भागाला 5 पैकी 4. एक गुण कापला तो ब्लॉकमुळं (अनेक वस्तू मिळून केलेली एक वस्तू). ब्लॉकच्या आतली लाईन बाहेरच्या दोन वस्तूंच्या मधे बसवता येत नाही, अख्खा ब्लॉक वर नाहीतर अख्खा खाली, आणि आतला क्रम बदलायचा तर ब्लॉकच उघडून एडिट करावा लागतो. झाडाचं हॅच आणि झाडाचं नाव आम्ही आता एका ब्लॉकमध्ये ठेवतच नाही.