फियाटच्या कारखान्याच्या खुणा ‘नव्या’ करून घेताना झालेली फसवणूक

वडिलांनी १९७१ साली घेतलेली फियाट ११०० डेलाइट त्यांच्या पश्चात मी जिवापाड जपली होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसी इंजिनाची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली ही गाडी. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप टिकवलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी सुरू केली, तेव्हा गाडी नीट करून तशी नोंदणी करावी असे मी ठरवले.

काम ज्या गॅरेजला दिले, त्याच्या मालकाने पहिल्याच भेटीत माझी हौस ओळखली. एअर क्लीनरवरचे लेबल, काचेच्या कोपऱ्यातला शिक्का, तपासनिसाने बोल्टवर लावलेला रंगाचा ठिपका, हे सारे हुबेहूब करून देतो, असे तो म्हणाला. आणि त्याच ओघात, बॉनेटखालची कारखान्याने बसवलेली क्रमांकाची पाटी गंजली आहे, चेसिसवर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेले आकडेही रंगाखाली बुजले आहेत, तेही ‘फॅक्टरीसारखे’ करू, असे त्याने सुचवले. या खुणांसाठी ३५ हजार रुपये मी आनंदाने आगाऊ दिले. लेबल नव्याने छापून लावले तर कोणाचे काही बिघडत नाही, पण चेसिस क्रमांकावरूनच गाडी ओळखली जाते आणि आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय तो पुन्हा ठोकून घेता येत नाही, हे मी आधी विचारून घ्यायला हवे होते.

गाडी परत आली तेव्हा पाटी लखलखत होती आणि रिबिटांवर धुळीचा कणही नव्हता. नोंदणीसाठी कागद जमवताना वडिलांच्या फायलीत चेसिस क्रमांकाचे जुने पेन्सिल ट्रेसिंग सापडले, म्हणून मीही कागद ठेवून पेन्सिल फिरवली आणि दोन्ही ट्रेसिंग शेजारी शेजारी ठेवली. जुन्यात तिसरा आकडा किंचित खाली उतरलेला आणि नऊच्या आकड्याची शेपटी सरळ होती; नव्यात सगळे आकडे एका रेषेत, नऊची शेपटी वळलेली, आणि आकड्यांच्या मागे ग्राइंडर फिरल्याच्या केसासारख्या बारीक कमानी कागदावर स्पष्ट उमटल्या होत्या.

मूळ पाटी मागितली तेव्हा ती भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. आठवड्याने तोच मालक म्हणाला की टाकून द्या असे तुम्हीच सांगितले होते. कागदपत्रे नसलेल्या दुसऱ्या एखाद्या गाडीला अशी अस्सल पाटी लावून तिला माझ्या गाडीची ओळख देता येते, ही धास्ती तेव्हापासून मनातून जात नाही. मी पोलिसांत तक्रार दिली आहे आणि दोन्ही ट्रेसिंग जोडून आरटीओलाही लेखी कळवले आहे. व्हीए नोंदणी तूर्त थांबली आहे.

जुनी गाडी कोणाच्याही हाती देण्यापूर्वी पाटी आणि चेसिस क्रमांक यांचे जवळून फोटो काढा, स्वतः ट्रेसिंग घ्या आणि दोन्हींना हात लावायचा नाही असे कामाच्या कागदावर लिहून सही घ्या. गंजलेली पाटी गंजलेलीच राहू द्या. त्या काळातली फियाट विकत घेणार असाल, तर बयाणा देण्याआधी पाटीवरचा क्रमांक, चेसिसवरचा क्रमांक आणि आरसी बुक, तिन्ही स्वतः ताडून पाहा. माझी पाटी अजून मिळालेली नाही.