शिमग्याला घेतलेलं तयार खुराडं, चौदा महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण ती कडी!

मापं, रंग, पेटीत काय काय येतं ते विकणाऱ्याने दिलेलंच आहे, ते परत लिहीत नाही. लाकडी चौकट, वर पत्रा, एका बाजूला रात्रीची बंद पेटी आणि पुढे जाळीचं सहा फुटी अंगण, ते मॉडेल. डोंबिवलीच्या मुलाने मागवलं, साडेनऊ हजार मोजून. मी नकोच म्हणत होते. गावठी अंडं १२ रुपयांनी धरलं तरी आठशेच्या घरात अंडी होतात. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच्या वर जात नाही, म्हणजे माझ्या दहा कोंबड्यांनी सव्वा वर्ष फक्त ह्या खुराड्यासाठी अंडी घालायची. तांदळाची कणी आणि भुसा वेगळाच.

गेल्या जुलैत मी ह्याला एक स्टार दिला होता. तो रागाने दिला होता, आणि थोडा चुकीच्या गोष्टीवर दिला होता. म्हणून हे लिहायला बसले.

झालं असं. लावणी चालू होती, घरातली सगळी माणसं शेतात. दुपारी तीनच्या सुमारास चहा न्यायला मी घरी आले तर परसात एकही कोंबडी ओरडत नव्हती, आणि तीच खूण. अंगणात दोन तलंगा (कोवळ्या कोंबड्या) पडलेल्या, मानेपाशी चावा, बाकी अंग जसंच्या तसं. तिसरी कुंपणाच्या चिऱ्यापर्यंत ओढत नेलेली. उरलेल्या आठ, कोंबड्यासकट, पेटीत एकमेकींवर चढून बसलेल्या. भरदुपारी येतं ते मुंगूस. आमच्याकडे मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो म्हणतात. त्या दिवशी ते तिघींना दिसलं.

मी सरळ जाळीला दोष दिला. बाजारात षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी मिळते ना, ती कोंबडी आत ठेवायला असते, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही; कुत्रा ती दाताने उसवतो. मला वाटलं तसलीच लावून दिलीय. लगेच फोनवर एक स्टार. संध्याकाळी शेजारचे भाऊजी आले, खुराड्याभोवती उकिडवे बसून फिरले आणि म्हणाले, वहिनी, जाळी वेल्डची आहे, कुठेच तुटलेली नाही. खालून उकरलं म्हणावं तर आमच्याकडे वीतभर मातीखाली कातळ, तिथे पहार चालत नाही तर मुंगसाची काय कथा. मग त्यांनी दाराच्या खालच्या कोपऱ्याला नुसत्या दोन बोटांनी ढकललं. कोपरा आत गेला आणि त्यांचं मनगट सहज शिरलं.

आता कडीबद्दल. दाराला एकच कडी आहे, वरच्या बाजूला, आकडा आणि डोळा असली, आपण खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतो तसली. दार तीन फूट उंच, कडी वरून सहा इंचांवर, खाली काहीच नाही. त्यात लाकूड कच्चं. पहिल्या पावसात दार फुगलं, आकडा डोळ्यापर्यंत पोचेना, अर्धा इंच कमी पडायला लागला. मी काय करणार, सुतळीने बांधलं. वर सुतळी, खाली लवचिक कोपरा. मुंगसाला आणखी काय आमंत्रण द्यायचं राहिलं होतं? आणि दिवाळीनंतर लाकूड सुकलं तर उलटाच प्रकार, आकडा डोळ्यात खडखड वाजायला लागला. खालून जरा वर ढकलला की निघतो. पावसात लागत नाही आणि उन्हाळ्यात टिकत नाही अशी ही कडी. तिची किंमत मी हार्डवेअरच्या दुकानात विचारली. वीस रुपये. साडेनऊ हजारांच्या वस्तूला वीस रुपयांची कडी!

मार्गशीर्षात एका पहाटे आकडा वर उचललेला आणि दार सताड उघडं. कोंबड्या पेटीत होत्या आणि पेटीचं सरकतं दार मी रात्री स्वतः पाडते, म्हणून वाचल्या. दुसऱ्या रात्री दारापुढे चुलीतली राख चाळून पसरली. सकाळी राखेत स्वच्छ ठसे होते, पाच बोटांचे. मांजराची चारच उमटतात. म्हणजे कांडेचोर, उदमांजर हो, आमच्याच माळ्यावर राहणारं. भाडं तर देत नाहीच.

मग मी चिपळूणहून अल्ड्रॉप (दाराचा आडवा सरकता जाड बोल्ट) आणला, दीडशे रुपयांचा, खाली टॉवर बोल्ट, आणि दाराच्या चौकटीला आतून दोन इंची पट्टी मारून घेतली म्हणजे फट दिसली तरी ढकलून उघडत नाही. उंबऱ्याला एक चिरा. सुतार, बोल्ट, खिळे धरून सहाशे चाळीस. हा खर्च मी मुलाला सांगितलेला नाही.

जाळीबद्दलचं माझं मत मात्र दोनदा बदललं. जुलैत शिव्या दिल्या, श्रावणात भाऊजींच्या सांगण्यावरून चांगली म्हटली, आणि फाल्गुनात परत नावं ठेवली. भोकं एक इंची आहेत. मोठ्या कोंबडीला पुरे, पण खुडूक कोंबडीने पिल्लं काढली आणि चौथ्या दिवशी अंगठ्याएवढ्या जाडीची धामण भोकातून आत आली. एक पिल्लू गिळलं आणि फुगलेल्या पोटाने तिला बाहेर पडता येईना. जाळीत अर्धी आत, अर्धी बाहेर. सर्पमित्राला बोलावलं, त्याने पक्कडने दोन तारा कापून सोडवली. आता खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंची वेल्डमेश मारून घेतलीय, आणि तीच बाहेर दीड फूट जमिनीवर पसरून वर चिरे ठेवलेत. ज्यांच्याकडे माती आहे त्यांनी पुरावी, आम्हा कातळवाल्यांना अशी आडवी अंथरणंच शक्य आहे. आणखी एक: घेताना गेज विचारा. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक, तो वाढला की तार पातळ होते, दुकानदार वीसला 'जास्त गेज' म्हणून खपवतो. मी सोळा घेतली.

चुनीने (ती आमची सगळ्यात म्हातारी) रात्री पेटीत न शिरता जाळीला टेकून बसायची खोड सोडली नाही, तर तिची शेपटी कुणीतरी बाहेरून उपटून नेली. कोंबड्यांची बसायची दांडी जाळीपासून हातभर आत असावी. ह्यांच्या नकाशात ती जाळीला चिकटूनच आहे.

खुराड्याबाहेर मोकळं चरायचं अंगण आहे, त्यावर घारीसाठी किनाऱ्यावरून आणलेलं मासेमारीचं जुनं जाळं बांधलं. फुकट, आणि घार खरंच उतरत नाही. पण ते जमिनीपर्यंत सोडू नका, नायलॉनमध्ये साप अडकून मरतो. डोळे लुकलुकणारा सौर दिवाही मुलाने पाठवला होता. आठवडाभर सगळे घाबरले. मग फक्त मी दचकत राहिले.

अंड्यात विष भरून ठेवा असं सांगणारेही भेटले. ते करू नका. मुंगूस आणि उदमांजर दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, आणि अशा अंड्याने पहिला मरतो तो शेजाऱ्याचा कुत्रा. शिवाय परसातले उंदीर हेच मुंगूस खातं. त्याचं त्याचं चाललंय, दार माझं नीट हवं.

चांगलं काय, तर विष्ठेचा सरकता पत्रा. खेचला, झाडला, झालं. त्यातलं खत कुजवून अळवाला घातलं तर पानं सुपाएवढी झाली. ह्या एका पत्र्यासाठी मी एक स्टार देते. वरचं छप्पर अख्खा पावसाळा गळलं नाही, त्याचा दुसरा. तिसरा जाळीच्या तारेला, भोकांना नाही. उरलेले दोन कडीने खाल्ले.

कस्टमर केअरला तीन वेळा फोन लावला. पहिल्यांदा बाई म्हणाली, मॅडम, प्राणी आत शिरणे हे वॉरंटीत येत नाही. मी म्हटलं, अगं मग खुराडं कशासाठी असतं? दुसऱ्यांदा फोटो मागितले, मेलेल्या कोंबड्यांचे नको, कडीचे. तिसऱ्यांदा कळलं की तक्रार मान्य झाली, बदली भाग पाठवतोय. अडीच महिन्यांनी पुठ्ठ्याचा मोठा खोका आला, आत फुगेवाल्या प्लॅस्टिकच्या सात वेटोळ्यांत गुंडाळलेली कडी. तीच. आकडा आणि डोळा.

ती मी स्वयंपाकघरात भिंतीला मारली, विळीशेजारी. किसणी टांगते तिच्यावर.